भानामतीच्या घरी वही-पेन घेऊन जाणारी माणसं

उन्हाळ्याच्या सुट्टीत गच्चीवर गाद्या टाकल्या की आमची आजी भानामतीची गोष्ट सांगायची. तिचं माहेर बीदरकडचं. तिच्या लहानपणी शेजारच्या वाड्यावर म्हणे रोज तिन्हीसांजेला दगड पडायचे. दोरीवर वाळत घातलेली लुगडी फाटलेली सापडायची. शिजलेल्या भातात शेण निघायचं. एकदा तर बंद ट्रंकेतल्या कपड्यांनी पेट घेतला. मग मांत्रिक आला, त्यानं लिंबू कापलं आणि मागच्या गल्लीत एकटी राहणाऱ्या एका बाईकडे बोट दाखवलं. त्या बाईला गाव सोडावं लागलं. "आणि मग दगड थांबले बघा," असं म्हणून आजी गोष्ट संपवायची.

आम्ही पोरं पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो. दगड कोण टाकत होतं, हे आम्ही दर वर्षी विचारायचो. ती बाई पुढे कुठे गेली, हे मात्र आमच्यापैकी कुणीच कधी विचारलं नाही.

आता आपल्या घरातली मुलं भुताच्या गोष्टी गच्चीवर ऐकत नाहीत, मोबाइलवर बघतात. रात्री दोन वाजता पडक्या वाड्यात शिरलेले चार-पाच जण, हातात लुकलुकणारं यंत्र, हिरवट रंगाचा कॅमेरा आणि मध्येच कुणाचं तरी "ऐकलंस का?" हे बघून बऱ्याच मुलामुलींना आपणही असा गट काढावा असं वाटतं. वाटू द्या, त्यात गैर काही नाही. कुतूहल ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याआधी एका वेगळ्या प्रकारच्या शोधपथकाची ओळख करून घ्यायला हवी. मराठी मुलुखात गेली चार दशकं ही मंडळी 'झपाटलेल्या' घरांत जाऊन तपास करत आली आहेत, तेही पदरमोड करून. त्यांच्याकडे यंत्र नसतं. वही असते, पेन असतं आणि ऐकून घेण्याची तयारी असते.

ही मंडळी कोण?

भुताखेतांचा पद्धतशीर तपास करणारे हौशी गट जगात नवे नाहीत. लंडनमध्ये १८८२ साली 'सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च' नावाची संस्था स्थापन झाली. प्राध्यापक आणि विद्वान मंडळी तिच्यात होती. अशा अनुभवांची साक्ष नीट नोंदवायची, ती तपासायची आणि मगच बोलायचं, हा त्यांचा दंडक होता.

आपल्याकडे हा प्रवाह जरा वेगळ्या वाटेनं आला. मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. अब्राहम कोवूर यांनी चमत्कार सिद्ध करून दाखवणाऱ्याला एक लाख श्रीलंकन रुपयांचं आव्हान दिलं होतं. भुताटकीची कितीतरी प्रकरणं त्यांनी स्वतः जाऊन तपासली. त्यांच्यानंतर बी. प्रेमानंद गावोगाव फिरून तथाकथित चमत्कारांमागची हातचलाखी उघड करून दाखवत. महाराष्ट्रात १९८२ साली श्याम मानव यांच्या पुढाकारानं अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू झाली. पुढे १९८९ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. लोक तिला 'अंनिस' म्हणतात. दाभोलकर मूळचे साताऱ्याचे, पेशानं डॉक्टर आणि कबड्डीतले नावाजलेले खेळाडू.

या समितीच्या शाखा जिल्ह्या-तालुक्यांत आहेत. कार्यकर्ते म्हणजे शाळेतले शिक्षक, बँकेत नोकरी करणारे, वकील, डॉक्टर, कॉलेजातली मुलंमुली, गृहिणी. दिवसभर आपापली कामं करायची आणि बोलावणं आलं की रविवारी किंवा संध्याकाळी निघायचं. देवाला मानणारेही त्यांत आहेत, न मानणारेही आहेत. देवाधर्माला आपला विरोध नाही, देवाच्या नावानं माणसाला लुबाडण्याला आहे, हे दाभोलकर प्रत्येक व्याख्यानात समजावून सांगत.

या मंडळींच्या तपासातलं सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे भानामती. मराठवाडा, बीदर-कलबुर्गी आणि तेलंगण हा सगळा एकेकाळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातला टापू. सीमा १९५६ साली बदलल्या, पण भानामतीची भीती तिन्ही भाषांत तशीच राहिली. मराठीत ती भानामती, तर कानडीत आणि तेलुगूत बाणामती. हैदराबाद आणि बेळगाव भागातल्या आपल्या वाचकांना हा शब्द सांगायला नको. गोव्यात घाडी, वडोद्याकडे भुवा, इंदूर-ग्वाल्हेरकडे ओझा अशी तोडगा सांगणाऱ्यांची नावं बदलतात. तोडगा सहसा एकच असतो: कुणाकडे तरी बोट दाखवायचं.

बोलावणं आलं की

पहिला नियम असा की घरच्यांनी बोलावल्याशिवाय जायचं नाही. कुणाच्या घरात भुताटकी आहे अशी कुणकुण लागली म्हणून कॅमेरा घेऊन दारात उभं राहणं हा तपास नव्हे, तो आगाऊपणा झाला. घर त्यांचं आहे आणि भीतीही त्यांची आहे. बोलावलं तरी एक अट असते. आमचं काम चालू असेपर्यंत मांत्रिक, देवऋषी, अंगारे-धुपारे सगळं बंद ठेवायचं. दोन वैद्यांची औषधं एकदम घेतली तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं हे कसं कळणार?

पथकात तीन-चार जण असतात आणि त्यांत निदान एक तरी बाई असते. याचं कारण पुढे येईलच.

घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे धीर देणं. त्या घरातली माणसं कित्येक रात्री झोपलेली नसतात. शेजारी यायचे थांबलेले असतात. मुलीचं ठरलेलं लग्न मोडायची वेळ आलेली असते. अशा वेळी "तुम्हाला भास होतात" असं म्हणणं म्हणजे जखमेवर मीठ चोळणं. दगड खरे असतात, जळलेलं लुगडंही खरं असतं. कार्यकर्ते ते नाकारत नाहीत. ते एवढंच ठामपणे सांगतात, "हे घडतंय हे खरं. पण जे घडतंय ते माणूस घडवतोय किंवा त्याला काहीतरी साधं कारण आहे. आपण ते शोधू आणि हे थांबेल."

मग वही उघडते. पहिली घटना कधी घडली, दिवस कुठला, वेळ काय, कुठल्या खोलीत, तेव्हा घरात कोण कोण होतं, सर्वांत आधी कुणी पाहिलं, त्याआधी तिथे शेवटचं कोण गेलं होतं, अशा प्रश्नांची उत्तरं रकाने आखून लिहिली जातात. तुम्ही म्हणाल, यात काय मोठं? पण भीती वाढते ती गोष्ट फिरता फिरता. एका दगडाचे दहा होतात, विझलेल्या ठिणगीचा वणवा होतो. रकान्यात लिहायला बसलं की बऱ्याचशा घटना "मी नाही पाहिलं, ते म्हणाले" या एका वाक्यात गळून पडतात. उरतात त्या मोजक्या घटना, आणि त्यांच्याकडे नीट बघता येतं.

आधी घर तपासायचं

माणसावर संशय घेण्याआधी घराची तपासणी होते. दगड पडत असतील तर ते कौलावर पडतात की अंगणात? कुठल्या दिशेनं येतात? ते कोरडे असतात की मातीनं माखलेले, घरामागच्या ढिगातले की नदीतले गोटे? वरच्या फांदीवर माकडं असतात का? रात्री दार वाजतं तेव्हा वारा कुठून येतो? दिवे लुकलुकतात तर वायरिंग किती जुनं आहे?

घराचंच दुखणं कधी कधी कसं भूत बनून उभं राहतं, याची दोन उदाहरणं जगभर प्रसिद्ध आहेत. अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञ डॉ. विल्मर यांनी १९२१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकिकत छापली. मोठ्या जुन्या घरात राहायला गेल्यापासून या मंडळींना रात्री पावलांचे आवाज येत, कुणीतरी खोलीत उभं असल्यासारखं वाटे, डोकं जड होई, कुंड्यांतली झाडंसुद्धा वाळत. शेवटी कळलं की घर गरम ठेवणारी भट्टी नादुरुस्त आहे आणि तिचा धूर धुराड्यातून बाहेर न जाता घरातच पसरतो आहे. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो, पण तो माणसाचा मेंदू गुंगवतो. भट्टी दुरुस्त झाली आणि भूत निघून गेलं. आपल्याकडे अशा भट्ट्या नसतात, पण खिडकी नसलेल्या बाथरूमात गॅसचा गिझर असतो. त्यातूनही हाच वायू साचतो आणि तो जिवावरही बेततो. तेव्हा "बाथरूममध्ये गेलं की चक्कर येते, कुणीतरी आहे असं वाटतं" असं घरात कुणी म्हणालं, तर लिंबू-मिरची बांधण्याआधी गिझर बंद करा आणि खिडकी उघडा.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं. विक टॅंडी नावाचे अभियंते एका प्रयोगशाळेत रात्री उशिरा काम करत होते. अंगावर शहारे आले, विनाकारण उदास वाटू लागलं आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसली. वळून बघतात तर कुणी नाही. तलवारबाजी हा त्यांचा छंद. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी तलवारीचं पातं शिकंज्यात धरलं तर ते आपोआप थरथरू लागलं. भूत पात्याला कशाला हलवेल, असा विचार करून त्यांनी शोध घेतला. खोलीत नव्यानं बसवलेला हवा बाहेर फेकणारा पंखा सेकंदाला सुमारे १९ कंपनं या गतीनं हवा हलवत होता. तो आवाज कानाला ऐकू येत नाही, पण अंगाला जाणवू शकतो. पंख्यात बदल केल्यावर तो थरथराट थांबला. हा निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही वर सांगितलेल्या लंडनच्या सोसायटीच्या नियतकालिकात. सगळ्याच भुताटक्यांचं कोडं पंख्यानं सुटत नाही, हेही खरं. पण "आधी पंखा बघा" ही शिकवण कायमची उपयोगी आहे.

आणखी एक अनुभव बऱ्याच जणांना येतो. पहाटे जाग येते, डोळे उघडे असतात, पण हातपाय हलत नाहीत आणि छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं. स्वप्नं पडतात त्या झोपेत आपण हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर स्नायूंना शिथिल करून ठेवतं. कधी कधी मन आधी जागं होतं आणि शरीर मागे राहतं. मिनिट-दोन मिनिटांत ते सुटतं. जागरणं झाली, ताण असला की हे जास्त होतं. परीक्षेच्या दिवसांत हॉस्टेलवर एखाद्या खोलीत 'भूत' का येतं, हे आता लक्षात येईल.

मग एकेकट्याशी बोलायचं

घर तपासून झालं, साधं कारण सापडलं नाही, की तपास माणसांकडे वळतो. वहीतले रकाने इथे कामी येतात. दहा घटनांपैकी नऊ वेळा एकच व्यक्ती जवळपास होती आणि ती बाहेरगावी गेली ते चार दिवस घर शांत होतं, हे कागदावर आपसूक दिसू लागतं.

आता घरातल्या प्रत्येकाशी वेगळ्या खोलीत, एकेकट्यानं बोलणं होतं. आजोबांपासून शाळकरी मुलापर्यंत सगळ्यांशी. फक्त संशय असलेल्या व्यक्तीलाच आत बोलावलं तर बाकीच्यांना ते लगेच कळेल, म्हणून सगळ्यांशीच बोलायचं आणि सगळ्यांना सारखाच वेळ द्यायचा. प्रत्येकाला आधीच सांगितलेलं असतं की तू जे सांगशील ते या खोलीबाहेर जाणार नाही.

पथकात बाई का हवी, ते इथे कळतं. भानामतीमागे बऱ्याचदा घरातली सर्वांत दबलेली व्यक्ती असते. नवी सून असते, लग्न लांबलेली मुलगी असते, शिक्षण थांबवलेला मुलगा असतो. समजा, सोळा वर्षांची एक मुलगी आहे. दहावीला चांगले गुण मिळाले, पण कॉलेज तालुक्याला म्हणून घरी बसवलं आणि आता स्थळं बघणं चालू आहे. तिला नको आहे, पण नको म्हणायची सोय नाही. एक दिवस रागाच्या भरात ती काकूची साडी फाडते. घरात गहजब होतो, कुणीतरी म्हणतं, "भानामती!" बघायला येणारे पाहुणे येत नाहीत. तिच्या लक्षात येतं की जे तोंडानं सांगून होत नव्हतं ते असं होतं. मग दुसरी साडी, मग दगड, मग अंगावर उमटणाऱ्या फुल्या. बिब्बा कातडीला लागला की फोड येतो आणि डाग उठतो, हे आपल्या आज्यांना चांगलं माहीत होतं. प्रत्येक खेपेला थांबावंसं वाटतं, पण आता कबूल केलं तर काय होईल, या भीतीनं ते थांबत नाही.

काही वेळा कारण वेगळं असतं: भावाभावांतली वाटणी, शेजाऱ्याशी बांधावरून भांडण, घर स्वस्तात विकायला लावायचा डाव. काही वेळा त्या व्यक्तीला मनाचा आजार असतो. आपण काय केलं हे तिला नीट आठवतही नसतं. अशा वेळी कार्यकर्ते मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जातात.

म्हणून आत खोलीत जे चालतं ती पोलिसी चौकशी नसते. दरडावणं नाही, मारणं तर नाहीच. "तुला कसला त्रास आहे?" हा पहिला प्रश्न असतो. अनेकदा त्या व्यक्तीला इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. ती रडते आणि मग सगळं सांगते. पुन्हा करणार नाही असं वचन देते. त्या बदल्यात कार्यकर्ते घरच्यांशी बोलायचं कबूल करतात: मुलीला शिकू द्या, सुनेला माहेरी जाऊ द्या, लग्नाची घाई करू नका. हे बोलणं भानामतीचा विषय न काढता, निराळ्या निमित्तानं होतं.

नाव सांगायचं नाही

आता कल्पना करा. पथक खोलीतून बाहेर येतं. अंगणात अख्खी आळी जमलेली आहे. सगळ्यांचा एकच प्रश्न: "कोण?"

इथेच या मंडळींचा सर्वांत कडक नियम लागू होतो. ते नाव सांगत नाहीत. घरच्यांना नाही, गावाला नाही, वर्तमानपत्राला तर नाहीच. "कारण सापडलं. ते माणसाचं काम होतं. आता हे होणार नाही," एवढंच सांगतात आणि निघतात. काही आठवड्यांनी पुन्हा चौकशीला येतात.

लोकांचा यावर हिरमोड होतो. इतका मोठा तपास आणि शेवट हा? पण नाव कळलं तर काय होईल, याचा विचार करा. त्या सोळा वर्षांच्या मुलीला घरात मार बसेल. लग्नानंतरही 'भानामतीवाली' हा शिक्का पुसला जाणार नाही. कदाचित ती विहीर जवळ करेल. जिच्या हातून हे झालं ती आधीच त्या घरात सर्वांत दुबळी होती, म्हणून तर तिनं ही वाट धरली. तिला उघडं पाडणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मांत्रिक नेमकं उलटं करतो. तो नाव सांगतो, पण चुकीचं. त्याला खरं कारण शोधायचं नसतं, लोकांना पटेल असं नाव हवं असतं. ते बहुधा एकट्या बाईचं असतं, म्हातारीचं, विधवेचं, जिच्या बाजूनं भांडायला कुणी नाही तिचं. देशभरात दर वर्षी अशा संशयावरून माणसं मारली जातात. खुनामागच्या कारणांची सरकारी आकडेवारी निघते तेव्हा तिच्यात 'जादूटोणा' असा वेगळा रकाना असतो. तो रकाना ठेवावा लागतो, यातच सगळं आलं.

"पण मांत्रिक आल्यावर दगड थांबले होते ना?" असं आजीसारखं कुणीही विचारेल. थांबतात, कधी कधी खरंच थांबतात. बोट दुसरीकडे वळलं की दगड टाकणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं, किंवा दुसऱ्या कुणाचा बळी गेलेला पाहून तो घाबरतो. कधी त्याचं काम झालेलं असतं. आणि पुन्हा सुरू झाले, तर तो भाग गोष्टीत येत नाही.

मीटर आणि वही

यंत्रं घेऊन भुतं शोधणारे गट आपल्या देशातही आहेत. दिल्लीत २००९ साली गौरव तिवारी यांनी 'इंडियन पॅरानॉर्मल सोसायटी' सुरू केली आणि टीव्हीमुळे हा प्रकार घराघरांत पोचला. या गटांच्या हातातलं लुकलुकणारं यंत्र बहुतेक वेळा विद्युतचुंबकीय क्षेत्र मोजतं. ते खोटं नसतं, ते खरोखरच मोजतं. पण तुमचा फ्रिज, भिंतीतली वायर, खिशातला मोबाइल या सगळ्यांभोवती असं क्षेत्र असतंच. दिवा लागला म्हणजे तिथे वीज आहे एवढंच कळतं. भूत आहे हे त्यावरून कसं ठरणार?

खरा फरक यंत्राचा नाही, हेतूचा आहे. व्हिडिओ करणाऱ्याला शेवटी गोष्ट हवी असते. काहीच घडलं नाही असा व्हिडिओ कोण बघेल? वही घेऊन जाणाऱ्याचं काम फत्ते होतं तेव्हा त्याच्याकडे सांगण्याजोगी गोष्टच उरत नाही. नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. एका घरात आज रात्री सगळे शांत झोपले, एवढीच त्याची कमाई.

या कमाईची किंमतही मोठी मोजावी लागली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांची पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. २०२४ साली पुण्याच्या न्यायालयानं दोघांना जन्मठेप सुनावली. हत्येनंतर कार्यकर्ते घरी बसले नाहीत. बोलावणी येत राहिली आणि ते जात राहिले.

कायदा काय सांगतो

ज्या कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झटले, त्याचा अध्यादेश त्यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. लोक त्याला 'जादूटोणाविरोधी कायदा' म्हणतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं, साप किंवा कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं हे सगळं त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड ५,००० ते ५०,००० रुपये. पूजा, व्रत, वारी, भजन-कीर्तन यांना हा कायदा हात लावत नाही.

आपले बरेच वाचक महाराष्ट्राबाहेर राहतात. बेळगाव-बीदरच्या वाचकांसाठी कर्नाटकात २०१७ साली असाच कायदा मंजूर झाला आणि २०२० पासून तो लागू आहे. वडोद्याच्या वाचकांसाठी गुजरातेत २०२४ साली झाला. जिथे वेगळा कायदा नाही तिथेही मारहाण, फसवणूक, धमकी हे गुन्हे आहेतच. बाई 'चेटकीण' म्हणून मार खात असेल, तर "हा आमच्या घरचा मामला" हे उत्तर कुठल्याच राज्यात चालत नाही.

आपल्या घरात, गल्लीत असं घडलं तर

तरुण वाचकहो, यासाठी समितीचा सभासद व्हायलाच हवं असं नाही. गावी गेला असाल आणि कुजबुज कानावर आली, तर एवढं करता येईल.

वही काढा. काय घडलं, कधी, कुणी पाहिलं ते लिहा. "म्हणे" असलेलं वेगळ्या रकान्यात ठेवा.

फोटो, व्हिडिओ कुटुंबाच्या किंवा गल्लीच्या ग्रुपवर टाकू नका. एक फॉरवर्ड म्हणजे एक जास्तीचा मांत्रिक समजा.

घर तपासा: गिझर, वायरिंग, कौलं, झाड, माकडं.

कुणाचं नाव घेतलं जात असेल तर लगेच आणि मोठ्यानं हरकत घ्या. त्या व्यक्तीच्या घरी जा, चहा प्या. लोकांना ते दिसू द्या. मारहाणीची भाषा ऐकू आली तर वाट न बघता ११२ वर फोन करा.

आणि घरात सर्वांत गप्प कोण आहे ते बघा. जेवताना, वरण वाढताना, सहज विचारा, "तुझं काय चाललंय?" पकडायला म्हणून नव्हे, खरंच विचारा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो म्हणतात. बऱ्याचदा त्या ब्रह्मराक्षसापाठीही कुणीतरी भ्यालेलं असतं.

गेल्या दिवाळीत मी आजीला तो जुना प्रश्न विचारला. दगड कोण टाकत होतं हा नव्हे, दुसरा. ती बाई कुठे गेली? आजी बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "कुणास ठाऊक गं. तिच्या दोन शेळ्या होत्या, त्या मात्र त्याच वाड्यात बांधलेल्या दिसायच्या नंतर." आणि तिनं त्या बाईचं नाव सांगितलं. इतक्या वर्षांनंतरही तिला ते आठवत होतं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. पण आमच्या घरात आता ही गोष्ट सांगितली जाते, तेव्हा ती दगड थांबल्यावर संपत नाही.